६५ हजारांची शाळा की गावातली झेडपी?

जानेवारी उजाडला की ह्या पानावर दुसरा विषयच उरत नाही, सगळी पत्रं अ‍ॅडमिशनची. यावेळी पाच घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तसलीच पत्रं सगळ्यात जास्त आलीत, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी कराड तालुक्यातल्या एका गावात राहतो, दूध डेअरीत लॅबला आहे. हातात महिना ३० येतात, मिसेस घरी ब्लाऊज शिवते तिचे १२ धरा, म्हणजे ४२ हजार झाले. मोठी मुलगी ह्या जूनला पहिलीत जाणार, धाकटा ३ वर्षांचा. गावात झेडपीची शाळा आहे चौथीपर्यंत, ३१ पोरं आणि दोन शिक्षक. ११ किलोमीटरवर सीबीएसई शाळा आहे, तिची फी ६५ हजार आणि बसचे १८ हजार वेगळे. भावाची मुलगी तिकडेच तिसरीला आहे, पाहुणे आले की इंग्लिश पोएम म्हणते आणि माझी आई लगेच म्हणते आपलीला कधी येणार. मिसेसचं म्हणणं आपण नाही शिकलो तर पोरांना तरी शिकवू, एखादा दागिना मोडू पण तिथंच घालू. माझं मन होत नाही, घराचा हप्ताच साडेनऊ हजार आहे. मी स्वतः ह्याच झेडपीत शिकलो पण आता आमच्या भावकीतलं एकही पोर तिथं नाही. खाजगीत घालावं का? नाही घातलं तर पोरीचं नुकसान होईल का?

उत्तर: आधी पैसे मोजू मग शाळेचं बोलू. उलटं केलं की शाळा आवडून बसते आणि पैसे कसेतरी जुळवायचे एवढंच काम उरतं.

आज एका मुलीचे फी आणि बस मिळून ८३ हजार. तीन वर्षांनी धाकटा पहिलीत गेला की आजच्याच दराने १ लाख ६६ हजार. दोघांची वर्षाची कमाई ५ लाख ४ हजार, त्यातून हप्त्याचे १ लाख १४ हजार काढा, दोन्ही शाळा काढा, राहिले २ लाख २४ हजार म्हणजे महिन्याला साडेअठरा हजारात किराणा, दवाखाना, पेट्रोल, आईंची औषधं, लग्नकार्यातले आहेर सगळं. होईल, लोक करतात. पण फी आहे तिथं थांबत नाही ना. वर्षाला १० टक्के वाढ धरली, आणि मी काही फार धरत नाहीये, तर ६५ हजारांची फी दहावीला १ लाख ५३ हजार होते आणि पहिली ते दहावी मिळून एका लेकराचे १० लाख ३६ हजार जातात. ह्यात बस नाही, पुस्तकं नाहीत, गॅदरिंगचे ड्रेस नाहीत. तुमचा पगार वर्षाला १० टक्के वाढतो का ते तुम्हीच सांगा. आणि मिसेसचे १२ हजार लग्नसराईत येतात का बाराही महिने येतात तेही बघा, कारण शाळेची फी जूनमध्येच मागतात.

मी ज्या हायस्कूलला शिकवायचे तिथं दरवर्षी सहावी-सातवीला इंग्लिश मीडियममधून परत आलेली पोरं असायची. फी झेपली नाही असं कुणी सांगत नसे, लांब पडतं म्हणायचे, बसचा त्रास होतो म्हणायचे. त्या पोरांना मराठी वाचताना जोडाक्षरं अडायची, इंग्लिश वाचायची धडाधड पण काय वाचलं विचारलं की गप्प. हुशार पोरं होती हो, पण वर्ष दीड वर्ष नुसतं सावरण्यात जायचं. म्हणून पहिलीला परवडतंय का हे विचारूच नका, दोघांनाही दहावीपर्यंत परवडेल का आणि त्यानंतर अकरावी-बारावीला हातात काही राहील का हे विचारा. क्लासची फी, हॉस्टेल, मेस, मोठे आकडे तिथं येतात. दागिना मोडायचाच असला तर तेव्हा मोडायला तो शिल्लक असू दे.

आता शाळेचं. बोर्डावर सीबीएसई लिहिलंय म्हणजे सीबीएसई असेलच असं नाही, आपल्याकडे 'सीबीएसई पॅटर्न' नावाचा एक प्रकार फार बोकाळलाय. पॅटर्न म्हणजे पुस्तकं तशी वापरतो, बोर्डाची मान्यता असेलच असं नाही, आणि मग नववीला कळतं की परीक्षेला दुसऱ्याच शाळेतून बसवणार आहेत. ऑफिसात सरळ मान्यता नंबर आणि ११ आकडी यूडायस नंबर (सरकारने प्रत्येक शाळेला दिलेला ओळख नंबर) मागा आणि बोर्डाच्या साइटवर नाव तपासा. नंबर द्यायला खळखळ केली तर पुढचं बघायचं कारणच नाही.

नंबर बरोबर निघाला तर मग आतलं बघा. इमारत, स्मार्ट बोर्ड, स्विमिंग टँक हे ते स्वतःच दाखवतील, तुम्ही तिसरीच्या दोन-तीन पोरांच्या वह्या मागा. सगळ्या वह्यांत प्रश्नोत्तरं काना-मात्रेसकट सारखीच असतील, एकाची स्पेलिंगची चूक दुसऱ्याच्या वहीत पण असेल आणि खाली मॅडमची लाल टिक असेल, तर समजा फळ्यावरून उतरवून घेतलंय. लहान गावांतल्या पुष्कळ इंग्लिश मीडियम शाळांत हेच चालतं. शिकवणाऱ्या मुलीचा पगार आठ-दहा हजार, तिचं स्वतःचं शिक्षण मराठीतून, ती तरी काय करणार, धडा मराठीत समजावते आणि उत्तर इंग्लिशमध्ये पाठ करायला देते. मग घरी अभ्यास घेणारं कुणी नाही म्हणून पहिलीपासून ट्यूशन, ती फी कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. गेल्या वर्षात किती मॅडम सोडून गेल्या हे पण विचारा, ऑफिसात नाही, बसच्या ड्रायव्हरला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

तुमच्याकडे तर तपासायला माणूस घरातच आहे की. भावाच्या मुलीला पोएम म्हणायला लावू नका, तिच्या पुस्तकात नसलेला चार ओळींचा सोपा इंग्लिश उतारा द्या, वाचून झालं की 'ह्यात काय झालं ते मराठीत सांग गं' म्हणा. सांगितलं तर शाळा शिकवतेय, मान्य करू. मग गावातल्या झेडपीच्या तिसरी-चौथीतल्या दोन पोरांना बोलवा, दुसरीच्या लेव्हलची मराठी गोष्ट वाचायला द्या, हातचा घेऊन करायची वजाबाकी द्या, चौथीतल्याला तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भाग द्यायला सांगा. ही काही माझी आयडिया नाही, प्रथम संस्था 'असर'च्या पाहणीत २००५ पासून देशभर घरोघर जाऊन साधारण हेच करते. अर्ध्या तासाचं काम आहे. पोरांना चहा-बिस्किट द्या, परीक्षा आहे असं वाटू देऊ नका, नाहीतर येत असलेलं पण विसरतात.

खाजगी म्हणजे चांगलंच हे जे आपल्या डोक्यात बसलंय त्यावर आंध्र प्रदेशात एक मोठा प्रयोग झालेला आहे, कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी केलेला. २००८ पासून चार वर्षं, १८० गावं. सरकारी शाळेतल्या काही पोरांना सोडत काढून खाजगी शाळेची फी भरून दिली आणि ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्याशी तुलना केली. तेलुगू आणि गणितात दोघांत फरक निघाला नाही. हिंदीत खाजगीवाली पुढे गेली कारण तो विषय तिथं शिकवत होते. बाजू दोन्हीकडची सांगायची तर खाजगी शाळांनी हे सगळं सरकारच्या एक तृतीयांशपेक्षा कमी खर्चात केलं होतं, पण मार्क जास्त पडले नाहीत हेही खरं. म्हणजे एरवी खाजगीतली पोरं जी पुढं दिसतात त्यात शाळेचा वाटा किती आणि शिकलेल्या, जरा पैसे असलेल्या घराचा किती, हे बाहेरून कळत नाही.

आता झेडपीची खोटी तारीफ पण करायची नाही मला. दोन शिक्षक आणि चार वर्ग म्हणजे एकाच खोलीत पहिली-दुसरी, एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला किंवा ट्रेनिंगला गेले की दुसऱ्यांकडे चारही वर्ग. त्यात मोबाइलवर भरायच्या माहित्या. आणि बदली. चांगल्या मॅडम आल्या, पोरं वाचायला लागली आणि मे महिन्यात बदलीची ऑर्डर आली, हे किती गावांनी बघितलंय. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, झेडपीच्याच शाळेचे शिक्षक, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण त्यावरून तुमच्या गावची शाळा चांगली ठरत नाही, तशी शेजारच्या गावातली ओस पडली म्हणून वाईटही ठरत नाही. तुमचे ते दोन शिक्षक कोण आहेत, किती वर्षं झालीत, बदलीला किती राहिलीत, एवढं बघा. एक दिवस साडेअकराला न सांगता जाऊन बसा, वर्गात आवाज पोरांचा येतोय का फक्त गुरुजींचा ते कळेल. आणि शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात, त्यात निम्म्या बायका, हा कायदाच आहे, तुमच्या मिसेस तिथं बसू शकतात. ६५ हजारांच्या शाळेत त्यांना गेटच्या आत यायला अपॉइंटमेंट लागेल.

झेडपीची टेस्ट वाईट निघाली तर मी तुम्हाला तिथं घाला म्हणणार नाही. पण मग सीबीएसईच घ्यायची असंही नाही, मधलं एक दार आहे जे हल्ली कुणाला दिसतच नाही, अनुदानित मराठी शाळा. शिक्षकांचा पगार सरकार देतं, फी नावाला, आणि बऱ्याच ठिकाणी सेमी इंग्लिश, म्हणजे गणित-विज्ञान इंग्लिशमधून बाकी मराठीतून. तुम्ही तर कराडचे, रयत शिक्षण संस्था १९१९ साली तुमच्याच तालुक्यातल्या काल्यात सुरू झाली. त्या भागात पाचवीपासून हायस्कूलांची कमी नाही. पहिलीपासूनची अनुदानित प्राथमिक जवळ असेल तर ती बघा, नसेल तर चौथीपर्यंत गावात आणि पाचवीला तिकडे.

नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा, विचार असेल तर अजून एक, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. सहावीच्या ८० जागा, त्यातल्या ७५ टक्के ग्रामीण, आणि ग्रामीण कोट्यासाठी तिसरी-चौथी-पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली लागतात. ती सीबीएसई शाळा नगरपालिकेच्या हद्दीत असली तर तो कोटा गेला.

माझ्या मते तुमच्या आकड्यांत ६५ हजारांची शाळा बसत नाही. ८३ हजारांतले वर्षाला ३६ हजार म्हणजे महिना ३ हजार मुलीच्या नावाने पोस्टात सुकन्या समृद्धीत टाका, दहावी पास झाली की शिक्षणासाठी खात्यातली निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. महिन्याला पाचशे-हजाराची पुस्तकं आणा, मराठी पण आणि चित्रांची इंग्लिश पण, रात्री वाचून घ्या, तुम्हाला स्वतःला इंग्लिश फार येत नसलं तरी चालतं, दोघं मिळून अडखळा.

आणि वहिनी, तुम्ही पण वाचत असाल तर, तुमचं म्हणणं चुकीचं नाहीये. पोरीला आपल्यापेक्षा जास्त मिळावं म्हणून दागिना मोडायला निघालेली बाई चुकत नाही. फक्त कुठल्या वर्षी मोडायचा तेवढं माझं ऐका. सासूबाईंना पोएम मी शिकवते म्हणावं, यूट्यूबवर ढीग पडलाय.

प्रश्न: ताई, मी सोलापूर जिल्ह्यातून लिहितेय. माझी मुलगी दुसरीला झेडपीत आहे, चांगली चाललीय. आता मुलगा साडेतीन वर्षांचा झाला तर सासरे म्हणतात ह्याला इंग्लिश मीडियमला घालायचं, ४० हजार फी ते भरणार. मी म्हटलं मग हिला पण घालू तर म्हणाले तिला कशाला, ती काय शेवटी परक्याघरी जाणार. नवरा काहीच बोलत नाही. मी काय करू?

उत्तर: दोघं एकाच शाळेत. कुठल्या ते नंतर ठरवा, झेडपी असो नाहीतर इंग्लिश मीडियम, पण एकाच. ह्यात मी मधला मार्ग सांगणार नाही कारण मला तो माहीतच नाही.

अशी घरं मी भरपूर बघितलीत. सकाळी एकाच दारातून एक बूट-मोजे-टाय-आयकार्ड घालून पिवळ्या व्हॅनमध्ये चढतो आणि एक चपला घालून चालत जाते, आणि ती चालत जाणारी दोन-तीन वर्षांत स्वतःच म्हणायला लागते मला नाही येत, त्याला येतं. तो चौथीत जाईपर्यंत तिच्यावर आवाज चढवायला शिकलेला असतो. कुणी मुद्दाम शिकवत नाही हो, रोज दिसतं त्यातून शिकतात.

सासऱ्यांशी तुम्ही भांडू नका, ते काम नवऱ्याचं आहे आणि नवऱ्याला हे असंच सांगा की तुमचे वडील आहेत तुम्ही बोला. बोलताना माया-ममता काढू नका, पैशावर बोला, सासरे लोकांना तेच पटतं. एक म्हणजे हे ४० हजार दहा-बारा वर्षं वाढत जाणार, ते भरणार आहेत का आणि त्यांच्यानंतर कोण. दुसरं, मुलीवरचा खर्च वाया हा हिशोब आता तसाही बसत नाही, राज्य सरकारने २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक कोर्सेसची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केलीय. म्हणजे मुलगी इंजिनिअरिंगला गेली तर ह्या घराला भावापेक्षा स्वस्तात पडेल. तिसरं, आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. पण ती सरकारी, झेडपी-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या पोरांनाच, विनाअनुदानितवाल्यांना नाही.

तुम्ही लिहिलंय मुलगी चांगली चाललीय. मग तिच्याच शाळेत धाकट्याला घालायला काय हरकत आहे हा प्रश्न घरात कुणी विचारला का? सासऱ्यांना नातवासाठी ४० हजार खर्चायचेच आहेत ना, दोघांच्या नावाने वीस-वीस बाजूला टाकू द्या. नाही म्हणाले तर निदान एवढं कळेल की बोलणं शाळेबद्दल नव्हतंच.

प्रश्न: माझा मुलगा आरटीईतून नाशिकच्या एका इंग्लिश शाळेत आहे, आता सातवीत. मिस्टर रिक्षा चालवतात. आता शाळेत सांगितलं की नववीपासून पूर्ण फी भरावी लागेल, ७२ हजार. शिवाय दरवर्षी अ‍ॅक्टिव्हिटीच्या नावाखाली ६ हजार घेतात, पावती देत नाहीत. फुकट आहे म्हणून घातलं होतं, आता मधूनच काढायचं का?

उत्तर: शाळा फीबद्दल खोटं बोलत नाहीये. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो ६ ते १४ वर्षांसाठी, म्हणजे २५ टक्के कोट्यातलं मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. अ‍ॅडमिशन मिळते तेव्हा पेढे वाटण्याच्या नादात हे कुणी सांगत नाही आणि मग सातवी-आठवीत घरात रडारड. जे वाचक आत्ता आरटीईचा फॉर्म भरतायत (उत्पन्नाच्या दाखल्यावर भरत असाल तर वर्षाची मर्यादा १ लाख आहे) त्यांनी सोडतीआधीच नववीचा प्लॅन करून ठेवावा. फॉर्म भरू नका असं नाही म्हणत मी, आठ वर्षांचं शिक्षण आहे, सोडू नका.

तुमच्याकडे दीड वर्ष आहे, ते बरंच आहे. आधी शाळेला लेखी अर्ज द्या फीमध्ये सवलत मिळावी म्हणून, मुलाचे मार्क जोडा, काही संस्था निम्म्यावर येतात, तोंडी मागितलं तर कुणीच येत नाही. त्याचवेळी नाशिकमधल्या जुन्या अनुदानित हायस्कूलांत नववीला जागा असतात का विचारून या, सेमी इंग्लिश तुकडी असेल तर मुलाला गणित-विज्ञान जड जाणार नाही. मराठी त्याला येत असणार, २०२० च्या कायद्याने राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत ती सक्तीची आहे, तरी आत्तापासून रोज अर्धा तास मराठी वाचायला लावा, इतिहास-भूगोल मराठीतून लिहायचाय. बदल नववीच्या सुरुवातीलाच करा, एक वर्ष उसने पैसे घेऊन काढू आणि दहावीला बघू असं अजिबात करू नका, दहावीच्या वर्षी शाळा बदलायला फार त्रास होतो. आठवीचा निकाल लागला की शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो, अडवून ठेवायला परवानगी नाही.

त्या ६ हजारांची मात्र पावती मागा. तोंडी नाही म्हणाले तर अर्ज देऊन पोच घ्या आणि तीच कॉपी महापालिकेच्या शिक्षण विभागात. आरटीईच्या पोरांना वेगळं बसवलं, सहलीतून वगळलं असं काही होत असेल तर तेही त्याच अर्जात लिहा. मुलाला त्रास देतील ही भीती वाटते हे मला कळतं, म्हणून एकटीने देऊ नका, त्याच कोट्यातले अजून चार-पाच पालक असतीलच.

प्रश्न: आम्ही पुण्यात, दोघंही आयटीत. शाळेने फी १ लाख ४५ हजारांवरून थेट १ लाख ७१ हजार केली. परवडतं पण संताप होतो. काही करता येतं का?

उत्तर: येतं, पण एकट्याने नाही. २०११ चा फी नियमन कायदा आहे, त्यात फी मॅनेजमेंटने एकटीने ठरवायची नसते. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, इच्छुक पालकांतून सोडतीने निवडायची, आणि फीचा प्रस्ताव सत्र सुरू व्हायच्या सहा महिने आधी तिच्यापुढे ठेवायचा. एकदा ठरली की ती दोन शैक्षणिक वर्षं टिकते. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की समितीत कोण आहे आणि प्रस्तावाची मीटिंग कधी झाली, मिनिट्स दाखवा. बहुतेक शाळांत समितीतल्या पालकांची नावं बाकी पालकांना माहीतच नसतात, तुम्हाला तरी आहेत का? २०१८ च्या दुरुस्तीनंतर पालकांना विभागीय समितीकडे दाद मागायची तर २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे जण चिडलेले असतात आणि सहीला अकरा येतात, हाच सगळा घोळ आहे. ह्या वर्षी हरलात तरी पुढच्या सोडतीला नाव द्या.

आणि आयटीत आहात म्हणून, जुनी टॅक्स रिजीम घेतली असेल तर दोन मुलांची ट्यूशन फी टॅक्सच्या वजावटीत धरता येते, पण पीएफ वगैरेची जी दीड लाखाची मर्यादा आहे त्यातच, ती आधीच भरलेली असेल तर उपयोग नाही. बस आणि डेव्हलपमेंट फी धरत नाहीत. नव्या रिजीममध्ये काहीच नाही. शाळा फीच्या पावतीत ट्यूशन फी वेगळी दाखवत नसेल तर तेवढं मागून घ्या.

प्रश्न: नर्सरीसाठी ९० हजार डोनेशन मागतायत, पावती देणार नाही म्हणाले, मुलाचा इंटरव्ह्यू पण झाला आमचा पण झाला. भरू का?

उत्तर: नका भरू. डोनेशनवर राज्यात १९८७ पासून बंदी आहे आणि शिक्षण हक्क कायद्यात घेतलेल्या डोनेशनच्या दहापटीपर्यंत दंड आहे. इंटरव्ह्यूला पण वेगळा दंड आहे, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत. तीन वर्षांच्या पोराचा कसला इंटरव्ह्यू घेतात ते एकदा मला बघायचंय. घराजवळची अंगणवाडी किंवा साधी बालवाडी बघा, चालत जाता आलं पाहिजे, बाई रागीट नको आणि दुपारी झोपायला पोर घरी पाहिजे.